आधी झोपून बघणारी बाई

पाहुण्यांचं अंथरूण घालून झालं की ती त्यावर झोपायची. टेकायची नाही, हातानं दाबून बघायची नाही, रीतसर झोपायची. पदर डोक्यावरून घेऊन, पाय लांब करून, आधी डाव्या कुशीवर, मग उजव्या, शेवटी उताणी. पाच-सात मिनिटं घरात कसलाही आवाज नसायचा. मग आतून ऐकू यायचं, "बरीय. येऊ द्या त्यांना." आणि चादरीची सुरकुती तळहातानं सरळ करून ती बाहेर यायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला चक्कर आली. दुसऱ्यांदा वाटलं, बाई कामचुकार आहे. तिसऱ्यांदा विचारलंच.

"हे काय चाललंय?"

"काम," ती डोळे न उघडता म्हणाली.

तीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळं झोप आणि काम यांचं नातं मला नवीन नव्हतं. पण आम्ही निदान खुर्चीत झोपायचो.

ते घर म्हणजे माझ्या निवृत्तीनंतरची पहिली घोडचूक. निवृत्त झालो तेव्हा हातात पैसे आले आणि डोक्यात कल्पना आली. या दोन गोष्टी एकाच महिन्यात येऊ नयेत. शहर तेव्हा असं सुटलं होतं की सकाळी जिथं ज्वारीची धसकटं दिसायची तिथं संध्याकाळी 'भव्य रो-हाऊस'चा फलक लागलेला असायचा. पुंडलिकनगरच्या पुढं, आमच्या राहत्या घरापासून चार घरं सोडून, असंच एक रो-हाऊस मी घेतलं. वेरूळ-अजिंठा बघायला जगभरातून लोक येतात, त्यांना हॉटेलपेक्षा घर आवडेल, असं मला भाच्यानं पटवलं होतं. त्यानंच घराचे फोटो काढून फोनवरच्या बुकिंगच्या ॲपवर टाकले. फोटोत घर इतकं चांगलं आलं की मलाच तिथं चार दिवस जाऊन राहावंसं वाटलं.

बायकोला मात्र फोटो दिसले नाहीत, फरशी दिसली.

"एक घर झाडताना तुमची कंबर धरते. दुसरं कोण झाडणार?"

"माणसं मिळतात गं."

"मिळू देत. दोन तक्रारी मी ऐकून घेईन. तिसरी आली की हे दुकान बंद. माझा भाऊ गावाहून चितेगावला ये-जा करून थकलाय, तो राहायला येईल तिथं."

इथं मेहुण्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. चितेगावच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर. माणूस धट्टाकट्टा, मनानं वाईट नाही. फक्त त्याचं प्रत्येक वाक्य "दाजी, तुमचं चुकतंय" असं सुरू होतं आणि काय चुकतंय ते तो बोलता बोलता ठरवतो. हा माणूस महिन्यातून एकदा भेटायचा तरी मला आठवडाभर ॲसिडिटी व्हायची. तो चार घरांवर कायमचा येणार, रोज सकाळी चहाला येणार, या विचारानं मी जेवढा कामाला लागलो तेवढा नोकरीत कधी लागलो नव्हतो.

अडचण अशी की जुने पाहुणे अकराला निघायचे आणि नवे दोनला यायचे. मधल्या तीन तासांत सगळं घर नव्यासारखं व्हायला हवं. आणि वर्षं दुष्काळाची. नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसायचं, बोअर नुसती हवा फेकायची, टँकरवाल्याला फोन केला की तो आधी माझी तब्येत विचारायचा, मग नाही म्हणायचा. गंमत म्हणजे मी आयुष्यभर पाण्याच्याच खात्यात कारकून होतो. कुठल्या तलावात किती पाणी याचे तक्ते मी इतके टाइप केलेत की माझी बोटं अजून ओलसर असतील. घरात मात्र थेंब नाही.

अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? मी 'डीप क्लिनिंग'वाली दोन पोरं बोलावली. निळे शर्ट, खांद्यावर यंत्र, फार झोकात आली. एका तासात त्यांनी आठवड्याची टाकी फरशीवर ओतली, यंत्रानं तिचा फेस केला आणि फेस आवरायला पाणी उरलं नाही म्हणून यंत्र उचलून निघून गेली. दोनला पाहुणे आले ते घोट्यापर्यंत फेसात. त्यांनी फोनवर लिहिलं, "घर स्वच्छ असावं, पण दिसत नाही. अंघोळीला पाणी नाही."

बायकोनं एक बोट वर केलं.

मग आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या भाईंनी या बाईचं नाव काढलं. भाई म्हणजे शहरातल्या सगळ्या चादरींची कुंडली माहीत असलेला माणूस.

"एक बाई है साहब. कन्नड तालुके तरफ की, मेंढरंवाली. काम एक नंबर. लेकिन दिमाग थोडा अलग चलता."

"चालेल. मी ठेवून घेईन तिला."

"नै साहब, आप नै रखते उसको. उनो आपको रखती. देखो जमता क्या."

दुसऱ्या दिवशी ती आली. काटक, उंच, माझ्याच वयाची. मे महिन्याच्या उन्हात खांद्यावर काळी घोंगडी. मी गेटातच प्रेमळपणानं म्हणालो, "या मावशी."

"मावशी?" ती थांबली. "तुमच्या आईची भैन हाय का मी? सोताचे केस बगा आदी."

मी केसांवरून हात फिरवला. जिथं केस होते तिथून.

"मी भाऊ म्हनते तुमाला. तुमी बाई म्हना. झालं." नातं ठरवून ती चपला काढून आत शिरली. मी कामाचं सांगायला लागलो तर तिनं हात वर केला. साऱ्या घरातून अनवाणी चालली, सावकाश, पाय दाबून. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"हितं ऱ्हातं कोन?"

"कोणी नाही. पाहुणे येतात."

"कोन पाहुने? नाव काय त्यांचं?"

"ते असं लक्षात राहत नाही. फोनमध्ये असतं."

"किती दिवस ऱ्हातेत?"

"एक, दोन."

"जेवायला कोन घालतं?"

"कोणी नाही. त्यांचं ते बघतात."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी लोकांना पळवून आणून डांबून ठेवतो. "म्हंजी नाव नाय म्हाईत, जेवन नाय, आन पाहुने म्हनता," ती म्हणाली. "बरं. येते मी. पन आदीच सांगते, डोंगराकडं चारा झाला की जानार. मेंढरं भावाकडं ठेवलीत. मग अडवायचं नाय."

मी ताबडतोब कबूल केलं. त्या वर्षी चारा होण्याची शक्यता माझ्या केस उगवण्याइतकीच होती.

तिचा सगळा कारभार दोन बादल्यांत चालायचा. तिसरी बादली मी भरून दिली तर उलट आणून टाकीत ओतायची. आधी सगळं कोरडं झाडणं, झटकणं, उन्हात टाकणं. मग एका बादलीत फडकं बुडवून वरून सुरुवात. खिडकीच्या काचा, मग ओटा, मग टेबल, मग फरशी, आणि तेच पाणी शेवटी संडासात. दुसरी बादली फक्त प्यायच्या भांड्यांना, आणि तिचं पाणी कढीपत्त्याला. "पानी खाली उतरतं," ती म्हणायची, "आपुन बी तसंच उतरत जायचं." माझ्या खात्यात हे कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं असतं तर माझे निम्मे तक्ते वाचले असते.

अकराला ती गेटात उभी असायची. "बिऱ्हाड उठलं का?" हा पहिला प्रश्न. "किती डोकी व्हती?" हा दुसरा. मग आत जायची आणि पाहुण्यांचा माग काढायची. रानात मेंढराचा काढतात तसा.

"भांडन झालंय," एकदा ती दारातूनच म्हणाली.

"कशावरून?"

"एक उशी सोफ्यावर. एका माणसाला पलंग आन एकाला सोफा, म्हंजी काय?"

"उकडत असेल."

"सोफ्यावर पंखा नाय." आत गेली, स्वयंपाकघरातून ओरडली, "मिटलं पन!"

"ते कशावरून आता?"

"दोन कप खिडकीत शेजारी शेजारी हायत. भांडलेली मानसं एका खिडकीत च्या पेत नसतेत."

पाहुण्यांची नावं तिला कळायची नाहीत, म्हणून ती आपली ठेवायची. मोरीत केसांचे गुंते सोडून गेलेली 'केसगळी', आठ टॉवेल ओले करणारी 'टावेलवाली', गादीखाली बिस्किटांचा चुरा लपवणारे 'उंदीरमामा'. महिन्याभरात मीही तेच बोलायला लागलो. एकदा फोनवर एका सभ्य गृहस्थांना मी चुकून म्हणालो, "हो हो, ओळखलं, तुम्ही उंदीरमामा ना?" ते परत आले नाहीत.

दुसरी तक्रार तिच्यामुळंच आली. टावेलवाली अर्धा तास शॉवरखाली उभी राहिली आणि टाकी रिकामी करून गेली, त्या दिवशी बाईनं शॉवरला चिंध्या गुंडाळून सुतळीनं आवळून बांधून टाकलं. मला सांगितलंही नाही. पुढच्या पाहुण्यांनी फोटोसकट लिहिलं, "शॉवरला बँडेज बांधलेले आहे. कारण विचारल्यावर बाईंनी 'माजला होता' असे सांगितले."

बायकोनं दुसरं बोट वर केलं. आणि मेहुण्याला फोन केला. तो मला ऐकू जावा म्हणून दिवाणखान्यातून केला.

झोपण्याचं कारण तिनं मला बऱ्याच उशिरा सांगितलं. त्या दिवशी ती कढीपत्त्याच्या बुडाशी पाणी ओतत होती.

"आमी मेंढरं घेऊन फिरतो, भाऊ. आज ह्या रानात, उद्या त्या. जिथं मुक्काम टाकायचा तिथं आदी बाई आडवी होती. मुंग्या हायत का, काटा हाय का, दगूड हाय का. तिला टोचलं तर जागा बदलायची. तिला बरं वाटलं की मग लेकरं झोपवायची, म्हातारी मानसं झोपवायची."

"पण इथं गादी आहे. स्वच्छ चादर आहे. दिसतं की डोळ्यांना."

"डोळ्याला काय, पांढरं दिसलं की झालं. पाठीला कळतं खरं." बादली पालथी करून ती म्हणाली, "आन ज्याच्यावर आपुन झोपलो नाय, तिथं दुसऱ्याला झोप म्हनायचं? कोनत्या तोंडानं?"

मला पटलं. पण पटणं वेगळं आणि चार लोकांत त्याच्या बाजूनं उभं राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मी नेहमीच कच्चा.

पुण्याचं एक जोडपं दोनच्या ऐवजी एकलाच आलं. मी त्यांना घर दाखवत होतो. घर दाखवताना माझा आवाज बदलतो, म्युझियममधल्या गाइडसारखा होतो. "आणि ही आपली मुख्य बेडरूम," म्हणत मी दार ढकललं. आत बाई. चादर हनुवटीपर्यंत, डोळे मिटलेले.

अशा वेळी मनुष्याच्या तोंडून काहीही निघतं. माझ्या निघालं, "ही आमची आत्या."

बाईनं एक डोळा उघडला. माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. "आत्या म्हनले व्हय? बरं. या लेकरांनो. गादी बरीय. उजवी बाजू जरा दबलीय, तिकडं हलकं मानूस झोपवा." मग उठून, आता आत्या झालोच आहोत तर, स्वयंपाकघरात गेली आणि पिठलं टाकलं. "जेवल्याबिगर कुठं झोपता," म्हणाली. माझ्या घरात पाहुणे पहिल्यांदा जेवले.

त्यांनी जाताना लिहिलं, "आत्या फार प्रेमळ. मालक जरा घाबरट वाटले." तक्रार नव्हती ती. पण माझं नशीब बघा, मी 'आत्या' म्हणालो नेमकं त्याच वेळी मेहुणा गेटातून आत येत होता. हातात मापाची टेप. आपलं कपाट त्या भिंतीला बसेल का, हे सहज बघायला आला होता. त्यानं खिडकीतून सगळं पाहिलं आणि तडक बहिणीकडं गेला. "ताई, दाजींचं चुकतंय. पाहुण्यांच्या पलंगावर कामवाली झोपते आणि दाजी तिला आत्या म्हणतात."

त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं त्यात माझी वाक्यं दोनच होती, आणि दोन्ही 'बरं' अशी होती.

दुसऱ्या दिवशी मी घसा खाकरला. "बाई, आजपासून गादीवर झोपायचं नाही."

"कामून?"

"लोक काय म्हणतील."

"लोक झोपून उठल्यावर काय म्हनतेत ते बगायचं असतं, भाऊ." थोडा वेळ तिनं फडकं पिळलं. त्यातून काही निघालं नाही. "बरं. मग गादी तुमी करत जा. पाठीनं बगितल्याबिगर मला 'बरीय' म्हनता येनार नाय. खोटं बोलायला लावू नका."

अशी गादी माझ्याकडं आली. आणि गादी माझ्याकडं आली त्याच आठवड्यात वर्षातलं सगळ्यात मोठं बुकिंग आलं. मुंबईचं कुटुंब, सहा माणसं, सात दिवस. त्यात ऐंशीचे वडील. शाळेत असताना वेरूळ पाहिलं होतं, मरायच्या आधी पुन्हा बघायचंय म्हणत होते. बायकोची दोन बोटं वर होतीच. मेहुण्यानं सामान बांधायला खोकी गोळा केली होती, हे मला खात्रीलायक सूत्रांकडून, म्हणजे त्याच्याकडूनच, कळलं होतं.

चादरी घेऊन भाईंकडं गेलो तर लाँड्रीला कुलूप. भाई पायरीवर बसलेले. "पानीच नै साहब. कायमें धोऊं? दुआ में?"

म्हणून चादरी मी धुतल्या. स्वतः, अंघोळीच्या उरलेल्या पाण्यात, बाईची पद्धत वापरून. मागं मोकळा प्लॉट होता, त्याच्या तारेवर वाळत घातल्या. दोन डबल चादरींना तार पुरेना, तर त्या सरळ गवतावर पसरल्या. पिवळं, कडकडीत वाळलेलं गवत होतं, गालिचाच जसा. तासाभरात अशा खडखडीत वाळल्या की मला वाटलं, तीस वर्षं चुकीच्या नोकरीत घालवली. मग व्हिडिओ बघून पलंग केला, कोपरे दुमडून हॉटेलसारखा, आणि टॉवेलचा हंस करून मधोमध ठेवला. हंसाची मान राहीना, म्हणून ती आत खुपसली.

बाई दारात उभी राहून बघत होती.

"ती कोंबडी कामून ठेवली?"

"हंस आहे तो."

"आसंल." तिची नजर चादरीवर. "वाळवली कुठं?"

"मागं."

"तारेवर?"

"तारेवरच. म्हणजे... आणि गवतावर."

तिनं खिडकीतून मागच्या प्लॉटकडं एकवार पाहिलं. मग म्हणाली, "झोपून बगा."

"मी?"

"मला मनाई हाय. तुमी झोपा."

"छे! इतका घट्ट बसवलाय, मोडेल."

"मग नका झोपू," ती म्हणाली. "पाहुना झोपंल."

दोनला पाहुणे आले. घर आवडलं. हंसाला सूनबाई "अय्या, पिल्लू!" म्हणाल्या. वडील प्रवासानं दमले होते, बनियनवर तसेच पलंगावर आडवे झाले. मी विजयी मुद्रेनं घरी येऊन ताटावर बसलो. पहिला घास तोंडात होता तेव्हा फोन वाजला.

मेंढपाळाला विचारायची गरज नाही, खेड्यातलं पाच वर्षांचं पोरसुद्धा सांगेल की वाळलेल्या गवतात कुसळं असतात. बारीक, सुईसारखी, कापडात शिरली की डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला सोडत नाहीत. मी मात्र गवत फक्त सरकारी कागदावर, 'चारा' या सदराखाली पाहिलं होतं.

धावत गेलो. गेटाजवळ, पायरीवर, सावलीत बाई भाकरी खात बसली होती.

"तुम्ही गेला नाहीत अजून?"

"हाक येनार व्हती. घरी जाऊन परत कोन येईल?" हात धुऊन ती आत गेली.

खोलीत वडील उघडेबंब उभे, पाठ लालभडक. दोन नाती रडकुंडीला आलेल्या, मुलगा डोळ्यांनी मला शोधत होता, सूनबाई पुरावा म्हणून फोनवर चित्रण करत होत्या. मी दाराआडून माफी मागायला सुरुवात केली, पण माझं कोणी ऐकत नव्हतं. बाईनं म्हाताऱ्यांचा हात धरला, अंगणात खुर्चीवर उजेडाकडं पाठ करून बसवलं आणि नखांच्या चिमटीनं एक एक कुसळ काढायला लागली. म्हातारे वळवळले.

"हलू नका, बाबा. मेंढरू बी एवढं हलत नाय."

म्हातारे थांबले. मग खांदे हलायला लागले. मी घाबरलो, रडतात की काय. हसत होते. "माझी गणना कशात केली बघ," मुलाला म्हणाले. सूनबाईंचं चित्रण चालू होतं, पण फोन हळूहळू खाली आला.

पाठ साफ झाली तशी तिनं पलंगावरच्या चादरी गोळा करून बाहेर टाकल्या. हंसही गेला. खांद्यावरची घोंगडी झटकून, उलटसुलट बघून गादीवर अंथरली. आणि तिथंच थांबून, त्या सगळ्यांसमोर, तिनं मला विचारलं,

"भाऊ, झोपू का?"

मी खाली बघितलं. "झोपा," म्हणालो.

ती आडवी झाली. डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर. मग उताणी. मुंबईची सहा माणसं आणि मी पलंगाभोवती उभे. कोणी हसलं नाही, कोणी खोकललंही नाही. म्हातारे तिच्याकडं असं बघत होते, जणू डॉक्टर नाडी बघतोय.

"बरीय," ती उठली. "या, बाबा."

म्हातारे त्या घोंगडीवर दिवेलागणीपर्यंत झोपले. घोंगडी टोचते, सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या चादरीनंतर त्यांना ती रेशमासारखी लागली असणार. सातही दिवस त्यांनी ती परत दिली नाही. बाई सात दिवस मोकळ्या खांद्यानं आली आणि रोज सकाळी आधी त्यांच्या खोलीत डोकावून विचारायची, "बाबा, टोचलं का काय?"

आठव्या दिवशी त्यांचा अभिप्राय आला. बायकोनं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. मेहुणा शेजारीच बसलेला होता, चहाला. "चादरीत काटे होते. मालकांनी टॉवेलचा एक विचित्र पक्षी ठेवला होता. बाईंनी वडिलांना स्वतः आधी झोपून बघून झोपवले. वडील म्हणतात, इतकी झोप गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती. पुन्हा येऊ."

"काटे!" मेहुणा म्हणाला. "ताई, तिसरी झाली."

बायकोनं पुन्हा वाचलं. मनात. चष्मा काढला.

"तक्रार आहे," ती म्हणाली. "पण घराची नाही. ह्यांची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे घर चालू राहील. हे बंद."

त्या दिवसापासून माझं पद बादली भरून ठेवणारा एवढंच राहिलं. बायकोनं निरोप पाठवला, "तिला म्हणावं, खुशाल झोप." एकदा ती स्वतः बघायला गेली आणि दीड तासानं परत आली. गालावर उशीचा वळ होता. मी काही विचारलं नाही.

मेहुण्यानं मात्र आशा सोडली नव्हती. बुकिंग नसलेल्या दोन दिवसांत "राहून बघतो" म्हणून बॅग घेऊन आला. बाईनं मला बाजूला घेतलं.

"ह्ये पाहुने का मुक्कामी?"

"मुक्कामी व्हायचं म्हणतात."

"वयनीचं काय म्हननं?"

"तिचा भाऊ आहे."

"आन तुमचं?"

मी छताकडं बघितलं. छताला एक भेग होती, तिचा मी बारकाईनं अभ्यास केला. बाईनं गादी घातली, चादर ताणली, आणि आडवी न होताच खोलीबाहेर आली. "आज पाठ दुखतीय माझी," म्हणाली. शंभर किलोचा मेहुणा पलंगाच्या उजव्या, दबलेल्या बाजूला दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी तिरका होऊन चितेगावला गेला. कारखान्याजवळच घर बघितलं त्यानं. "दाजी," जाताना म्हणाला, आणि पुढं काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझं काय चुकलं ते सापडलं नाही.

आता माझी खरी अडचण सुरू झाली. बाईची अट मला आठवत होती. सगळा मराठवाडा पावसासाठी देव पाण्यात ठेवून बसला होता, निदान ज्यांच्याकडं तेवढं पाणी होतं ते, आणि मी, जन्मभर पाण्याच्या खात्याचा पगार खाल्लेला माणूस, रोज वर्तमानपत्रात कन्नडच्या पावसाचा आकडा बघून 'शून्य' दिसलं की सुटकेचा श्वास सोडायचो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पाप असेल तर असो.

दोन वर्षं निभावलं. मग एका सोमवारी सकाळी दोन्ही बादल्या ओट्यावर पालथ्या घातलेल्या दिसल्या. शॉवरचं बँडेज सोडून सुतळीची गुंडी वर ठेवलेली. भाईंकडं निरोप होता. "बाई बोली, चारा हो गया. और बोली, उजवी बाजू की गादी बदल डालो."

मी गादी बदलली. त्यानंतर चार माणसं ठेवली, चौघांनीही फिनाईलनं घर दवाखान्यासारखं केलं, एकही झोपलं नाही. मग मीच झोपून बघायला लागलो. पण माझी पाठ सरकारी. तिला कुठंही झोप लागते, त्यामुळं तपासणी होतच नाही. नाशिकच्या पाहुण्यांनी मला हलवून उठवलं. "तुम्ही आत्या का?" त्यांनी विचारलं. अभिप्राय वाचून आले होते.

शेवटी तिला परत आणायचं ठरवून मी कन्नडची एसटी धरली. बगलेत नव्या फोनचं खोकं होतं, तिच्यासाठी. वाटेत वाक्यं पाठ केली होती. विचारत विचारत घाटाखालच्या एका शेतात पोचलो. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवली होती. तीसेक असतील. ती मधोमध उभी होती, खांद्यावर घोंगडी, तशीच.

"भाऊ! कामून आलता?"

"सहज."

"सहज कुनी यष्टीनं येत नसतं." माझ्याकडं जरा वेळ बघून ती हसली. "वयनी बरी हाय? आन ती कोंबडी?"

"हंस," मी म्हणालो.

"थकल्यावानी दिसता. टेका जरा." तिनं बाभळीच्या सावलीत घोंगडी अंथरली. मी बूट काढून बसायला लागलो तर तिनं हात वर केला. "थांबा."

आणि ती आडवी झाली. डाव्या कुशीवर. उजव्या. पाठीखाली हात घालून एक खडा काढला, लांब फेकला. मग उताणी. मेंढरं चरत होती. मी हातात बूट घेऊन उभा होतो, फोनचं खोकं बगलेत.

"बरीय," ती उठली. "या."

मी आडवा झालो. पाठ केलेलं एकही वाक्य बोललो नाही. घोंगडी तिच्या अंगानं अजून कोमट होती. मी डाव्या कुशीवर वळलो, उजव्या वळलो, मुद्दाम शोधलं. बांधाला सगळीकडं गवत होतं, कमरेइतकं. कुसळ एकही नव्हतं.